मुलाची पहिली मस्टँग: साधी की जीटी?

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

दर वर्षी मे-जूनमध्ये ग्रॅज्युएशनचे फोटो टाकून झाले की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "मुलाला नोकरी लागली. त्याला सेकंडहँड मस्टँग घ्यायचीय. ईकोबूस्ट घ्यावी की जीटी? किमतीत थोड्याच हजारांचा फरक दिसतोय." की लगेच खाली दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कशाला ही थेरं, कोरोला घ्या आणि झोपा. दुसरा म्हणतो, आयुष्यात एकदाच घ्यायची तर जीटीच घ्या, बाकी सगळं अर्धवट. गंमत म्हणजे दुसऱ्या तटात मुलांपेक्षा बापच जास्त असतात!

माझी नोकरी गाड्यांच्या ब्रेकशी संबंधित, राहायला मिशिगनमध्ये, आणि दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. त्यामुळे बरेच जण मला वेगळा मेसेज करून विचारतात. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मूल पंचविशीच्या आतलं असेल आणि मस्टँगच घ्यायची असेल, तर साधी, म्हणजे ईकोबूस्ट घ्यावी. जीटी नको. पण आपण मुलांना जी कारणं देतो ती बहुतेक खोटी असतात, आणि ती मुलांना कळतात. दुसरं, वाचलेला पैसा कुठे घालायचा हे गाडी कुठली घ्यायची याच्याइतकंच महत्त्वाचं आहे.

ज्यांना या दोन गाड्यांतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेकंडहँड बाजारात सध्या मुलांची नजर असते ती २०१५ ते २०२३ या मॉडेलवर्षांच्या मस्टँगवर. बाहेरून दोघी जवळजवळ सारख्या. साधीत २.३ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३१० हॉर्सपॉवर. जीटीत ५ लिटरचं व्ही-८, सुरुवातीला ४३५ आणि २०१८च्या मॉडेलमध्ये ४६० हॉर्सपॉवर. २०१७पर्यंत ३०० हॉर्सपॉवरचं व्ही-६ देखील मिळायचं, नंतर ते बंद झालं. सगळ्यांमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. हे 'मागच्या चाकांना' लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बोलायचं आहे.

आता ३१० म्हणजे किती? आपल्यातले बरेच जण ज्या मारुती ८००मध्ये वाढले, तिची ताकद साधारण ३७ हॉर्सपॉवर होती. त्यात आई-बाबा, आपण दोघं भावंडं, आजी आणि मागे दोन बॅगा घेऊन आपण खंबाटकीचा घाट चढलो आहोत. इथे आपल्या ड्राइव्हवेत उभी असलेली चार सिलिंडरची कॅमरी साधारण दोनशेची. म्हणजे जिला मुलं 'बेस मॉडेल' म्हणून नाक मुरडतात, ती आपल्या मारुतीच्या आठपट आणि कॅमरीच्या दीडपट ताकदीची आहे. जीटी मारुतीच्या बारापट. 'साधी' हा शब्दच मुळात फसवा आहे. ब्रोशरमध्ये खालच्या ओळीत लिहिलंय म्हणून ती साधी, रस्त्यावर ती साधी नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. मुलगा तेव्हा २२ वर्षांचा, पहिली नोकरी, स्वतःचे साठवलेले पैसे. त्याने २०१८ची जीटी शोधून ठेवली होती. मी म्हणाले, "इन्शुरन्स परवडणार नाही रे." पोरगं माझंच. दोन्ही गाड्यांचे व्हीआयएन नंबर देऊन त्याने क्वोट काढले. फरक होता, पण मी रंगवला होता तेवढा नव्हता. मग मी पेट्रोलवर गेले. शहरात जीटी गॅलनला १५-१६ मैल देते, ईकोबूस्ट २१च्या आसपास. त्याने तिथेच हिशोब केला: वर्षाला १२ हजार मैल धरले तर साधारण दोनशे गॅलन जास्त. "आई, एवढे तर मी बाहेरचं जेवण कमी करून वाचवीन." मग मी रीसेल काढला, तिथे तर मीच हरले. व्ही-८ला मागणी चांगली असते, किंमत बऱ्यापैकी टिकते.

अर्ध्या तासात माझी तिन्ही कारणं संपली. मग तो म्हणाला, "आई, खरं कारण सांग ना."

मंडळी, हा प्रश्न मला अजून आठवतो. खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटत होती. आणि ते म्हणायला मला जड जात होतं. आपल्या आई-वडिलांनीही आपल्याला कधी "भीती वाटते" असं सांगितलं नाही. "परवडत नाही" असं सांगितलं. तिथे ते बहुतेक वेळा खरंही होतं. इथे आपल्याला परवडतं, मुलांनाही परवडतं, तरी आपण तेच जुनं वाक्य वापरतो. मुलं हिशोबात आपल्यापेक्षा तरबेज आहेत. पैशाचं कारण त्यांनी खोडलं की आपल्याकडे उत्तर उरत नाही, आणि त्यांना वाटतं की विरोधाला काही अर्थच नव्हता.

म्हणून पहिली विनंती ही: भीती वाटत असेल तर भीती म्हणा. आणि ती भीती कशाची, ते नीट समजावून सांगा. त्यासाठी खाली मुद्दे देते. हे मुद्दे क्वोट काढून खोडता येत नाहीत.

पहिला मुद्दा वयाचा. अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या ड्रायव्हरांचं जीवघेण्या अपघातांचं प्रमाण, तेवढ्याच मैलांमागे, वीस आणि त्यावरच्या ड्रायव्हरांच्या जवळजवळ तिप्पट आहे. शेजारी-मागे मित्र बसले की तरुण ड्रायव्हरचा धोका आणखी वाढतो. विसावं लागलं की रात्रीतून शहाणपण येत नाही, ते हळूहळू येतं. विमा कंपन्या पंचविशीपर्यंत जास्त पैसे लावतात ते उगाच नाही. त्या गाडीचा रंग बघून ठरवत नाहीत, नुकसानभरपाईचे दावे बघून ठरवतात.

दुसरा मुद्दा वेगाच्या गणिताचा. वेग ६०वरून ८० मैलांवर गेला की वेग वाढतो एक तृतीयांशाने, पण गाडी थांबवताना ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते ती पावणेदोन पटीहून जास्त होते. माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आणि ताकदवान गाडीत ६०चे ८० कधी झाले ते कळतच नाही. कॅमरीत इंजिन ओरडून सांगतं. जीटीत ते गात गात सांगतं, आणि ते गाणं ऐकायलाच तर मुलाने गाडी घेतलेली असते.

तिसरा मुद्दा मागच्या चाकांचा. हायवेला चढायचा गोल रॅम्प, नुकताच पाऊस पडून गेलेला, आणि वळणाच्या मध्यावर पाय जरा जास्त दाबला गेला. मागची चाकं घसरतात, गाडीचं तोंड आत वळतं, घाबरून पाय एकदम उचलला की आणखी बिघडतं. इलेक्ट्रॉनिक्स बरंच सावरतं, पण ते बटण दाबून बंद करता येतं, आणि मित्र बसलेले असताना ते बंद होतंच. गाड्यांचा मेळावा संपल्यावर बाहेर पडताना मस्टँग फुटपाथवर चढल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, मुलांनी तर नक्कीच पाहिलेत. त्यातला प्रत्येक जण स्वतःला चांगला ड्रायव्हर समजत होता. ईकोबूस्टमध्ये हे होत नाही असं मी म्हणत नाही. तीही मागच्या चाकांचीच. पण तिचं नाक हलकं आहे आणि १२५-१५० हॉर्सपॉवर कमी आहेत. चुकीला तेवढी जास्त जागा राहते.

चौथा मुद्दा खास आपल्यासाठी, म्हणजे परदेशातून आलेल्यांसाठी. व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त गेलात, तर ते साधं चलन राहत नाही. तो रेकलेस ड्रायव्हिंगचा फौजदारी गुन्हा होतो. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. आपल्यातल्या कित्येकांची मुलं अजून व्हिसावर आहेत, कित्येकांची ग्रीन कार्डं रांगेत आहेत. पुढच्या अर्जांमध्ये अटक आणि गुन्ह्यांबद्दल विचारतातच. शेजारच्या अमेरिकन मुलाची जी चूक दंड भरून मिटते, तीच आपल्या मुलाला वकिलाकडे नेऊ शकते. ब्रिटनमधल्या मंडळींनाही हे लागू आहे: तिथे लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच जातं, पुन्हा परीक्षेपासून सुरुवात.

हे चार मुद्दे मी मुलाला सांगितले. वाद लगेच मिटला नाही. तो म्हणाला, "मग ईकोबूस्टही नको म्हण." प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, "माझ्या मनात तेच आहे. पण पैसे तुझे आहेत आणि तू बावीस वर्षांचा आहेस. नको म्हणायचा हक्क मला नाही. मत सांगायचा आहे."

आता जीटीवाल्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. व्ही-८चा आवाज चार सिलिंडरला येत नाही, स्पीकरमधून आणला तरी येत नाही. पाच लिटरचं ते इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं आहे, त्याला टर्बो नाही. आणि ईकोबूस्ट घेणारी बरीच मुलं सहा महिन्यांत तिचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतात. मग इंजिनाची हालत होते आणि पैसेही वाया जातात. "शेवटी जीटीच घ्यायची होती, मग दोनदा खर्च कशाला?" या म्हणण्यात तथ्य आहे.

पण "ईकोबूस्ट म्हणजे अर्धी मस्टँग" हे मात्र मला पटत नाही. एप्रिल १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पहिली मस्टँग आली तेव्हा तिची जाहिरात झाली ती २,३६८ डॉलर या किमतीवर. त्या किमतीत मिळायचं सहा सिलिंडरचं इंजिन, १०१ हॉर्सपॉवर. पहिल्याच दिवशी २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. सामान्य पगाराच्या तरुण माणसाला परवडेल अशी देखणी गाडी, हीच तिची जन्मकथा आहे. व्ही-८ वरच्या पैशांत मिळायचं. आणि चार सिलिंडर टर्बोही नवा नाही. ऐंशीच्या दशकात एसव्हीओ नावाची २.३ लिटर टर्बोची मस्टँग होती आणि ती व्ही-८ जीटीपेक्षा महाग होती. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. गाड्यांवर प्रेम करणाऱ्या मुलाशी गाड्यांच्याच भाषेत बोललं की ते ऐकतं, हा माझा अनुभव.

आणि जीटी काही पळून जात नाही. तिसाव्या वर्षी घेऊ दे. तोवर वाढदिवसाला एक दिवस भाड्याने घेऊन दोघं फिरून या. आवाजाची हौस भागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे काही जण माझ्यावर रागावतील. आपण मराठी आई-बाप एक चूक फार प्रेमाने करतो. मुलाकडे ईकोबूस्टपुरते पैसे असतात. आपण म्हणतो, "आता घेतोसच आहेस तर वरचे मी घालतो, चांगली घे." 'चांगली' म्हणजे जीटी. फ्लॅट घेताना, लग्नात, शिक्षणात आपल्या आई-वडिलांनी आपल्यासाठी असेच 'वरचे' घातले होते. सवय चांगली आहे, जागा चुकीची आहे. इथे वरच्या पैशात मुलाला सुरक्षितता मिळत नाही, आराम मिळत नाही, फक्त दीडशे हॉर्सपॉवर मिळतात. त्यात कधी बापाची स्वतःची राहून गेलेली हौस असते. कधी गणपतीला मंडळाच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर चार लोकांनी वळून बघावं असं वाटत असतं. आमच्या घरीही हे होतं. नवऱ्याने मला न सांगता मुलाला पाच हजार देऊ केले होते. मला ते महिनाभराने कळलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. 😊

बाबा लोकांनो, हौस असेल तर स्वतःच्या नावावर जीटी घ्या. मनापासून सांगते, घ्या! पन्नाशीत तुम्ही ती जपून चालवाल. पण मुलाच्या हातात तुमची हौस देऊ नका.

मग वरचे पैसे घालायचेच असतील तर कुठे घालायचे?

एक, टायर. सेकंडहँड गाडीला बहुधा मिळतील ते स्वस्त टायर घातलेले असतात. चांगले चार टायर ही मुलाला द्यायची सगळ्यात चांगली भेट. परफॉर्मन्स पॅकेजवाल्या गाड्या मुळात उन्हाळी टायरवर यायच्या. असे टायर थंडीत, गोठणबिंदूजवळ, पकड सोडतात, बर्फ नसला तरी. आमच्या मिशिगनमध्ये, शिकागोत, मिनेसोटात, टोरांटोत हिवाळ्याचा वेगळा सेट हवाच. "ऑल-सीझन आहेत ना" यावर समाधान मानू नका.

दोन, शिकवणी. अमेरिकेत 'स्ट्रीट सर्व्हायव्हल' नावाचा एक दिवसाचा कार्यक्रम गावोगावी होतो, १५ ते २१ वयोगटासाठी. मुलं स्वतःचीच गाडी घेऊन जातात. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली तर काय करायचं, जोरात ब्रेक मारून अडथळा कसा चुकवायचा, हे शेजारी प्रशिक्षक बसवून करून घेतात. त्याहून मोठ्या मुलांसाठी ऑटोक्रॉस आहे. रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी सोडतात. फी आपल्या चौघांच्या एका बऱ्यापैकी जेवणाएवढी.

माझा मुलगा तिथे गेला, ईकोबूस्ट घेऊनच. तिसऱ्या फेरीत, ताशी ३५ मैलांच्या आसपास वेग असताना, गाडी त्याच्या हातातून सुटली आणि गर्रकन फिरली. दोन शंकू आडवे झाले. बाकी काही नाही. मी कडेला थर्मास घेऊन उभी होते. तो उतरून आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "आई, मला कळलंच नाही कधी फिरली." पस्तीस मैलांना, कोरड्या डांबरावर, साध्या मॉडेलमध्ये. मी काही बोलले नाही, चहा ओतून दिला. त्या दिवसानंतर त्याने जीटीचा विषय काढला, पण वेगळ्या सुरात काढला. हेच फिरणं आय-७५च्या रॅम्पवर झालं असतं तर, हा विचार मी आजही पुरता करत नाही, मध्येच सोडून देते.

आता प्रत्यक्ष गाडी बघायला जाल तेव्हा या गोष्टी बघा. दोन्ही मॉडेलना लागू.

गाडी मूळ स्थितीतली हवी. बदललेलं सॉफ्टवेअर, बाजारातले टर्बोचे सुटे भाग, कापलेला सायलेन्सर दिसला तर नमस्कार करून परत या. "आता काढून टाकलंय" यावर विश्वास ठेवू नका.

मागचे टायर नवेकोरे आणि पुढचे जुने असतील तर आधीच्या मालकाने मागची चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढला असण्याची शक्यता आहे. टायरच्या बाजूला डीओटी क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष. दोन मिनिटांचं काम आहे.

ईकोबूस्टमध्ये कूलंटची पातळी आणि थंड इंजिन सुरू करताना निघणारा पांढरा धूर बघा, म्हणून विकणाऱ्याला सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नको. थंडीत थोडी वाफ चालते, ती थोड्या वेळात जायला हवी. जीटीत तेलाची पातळी बघा आणि तेल किती वेळा वरून घालावं लागतं ते विचारा. मॅन्युअल असेल तर क्लच आणि दुसरा-तिसरा गिअर नीट पडतो का ते बघा.

ईकोबूस्ट, विशेषतः उघड्या छताच्या, बऱ्याचदा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या ताफ्यातून आलेल्या असतात. तेवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही, पण इतिहासाच्या रिपोर्टमध्ये ते बघा आणि किंमत त्याप्रमाणे करा. टायटलवर सॅल्व्हेज किंवा रीबिल्ट असेल तर नको. खाडी देशांतल्या मंडळींनी तर हे डोळ्यांत तेल घालून बघा. दुबई-शारजात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच मस्टँग अमेरिकेत अपघात होऊन, तिकडे नेऊन दुरुस्त केलेल्या असतात. जीसीसी स्पेकची गाडी महाग पडली तरी तीच बरी.

शक्य असेल तर परफॉर्मन्स पॅकेजची ईकोबूस्ट शोधा. तिला जीटीच्या मापाचे पुढचे ब्रेक मिळतात. जास्त ब्रेक, कमी इंजिन. ब्रेकवाल्या बाईकडून याहून वेगळा सल्ला मिळणार नाही! शिवाय २०१८पासून पुढे टक्कर होणार असेल तर इशारा देणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा पर्याय म्हणून मिळू लागली. ती असलेली गाडी मिळाली तर सोडू नका.

व्हीआयएन नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर रिकॉल तपासा, फुकट आहे. आणि विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याची फी जास्त वाटली तर मेकॅनिकने शोधलेला एक दोष आठवा.

गाडी कुणाच्या नावावर, हेही आधी ठरवा. मूल कमावतं आणि सज्ञान असेल तर गाडी आणि विमा त्याच्याच नावावर असू दे. इन्शुरन्स थोडा स्वस्त पडतो म्हणून आपल्या नावावर घेतलीत, तर अपघातानंतरच्या दाव्यात आपलं घर आणि बचतही ओढली जाऊ शकते. आपल्या राज्यातला नियम एजंटला स्पष्ट विचारा.

आणि मूल सतरा-अठराचं असेल तर? तर माझं मत मस्टँगच नको, दोन्हीपैकी कुठलीच. फोर्डच्या चावीत 'मायकी' नावाची सोय आहे, तिने कमाल वेगावर मर्यादा घालता येते आणि स्थिरतेची यंत्रणा बंद करू न देता ठेवता येते. पण चावीला शिकवण्याआधी हाताला शिकवू या. दोन वर्षं कॅमरी चालवू दे, बर्फातले दोन हिवाळे बघू दे. मग बोलू.

माझ्या मुलाने शेवटी २०१९ची ईकोबूस्ट घेतली, मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकेजची. आमचे वरचे पैसे हिवाळी टायर आणि ऑटोक्रॉसच्या फीमध्ये गेले. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा शेजारून एखादी व्ही-८ गेली की तो अजून मान वळवून बघतो. ती हळहळ गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. गाडीवर प्रेम असणं हा काही दोष नाही. मीही त्याच प्रेमापोटी या धंद्यात आले.

रात्री उशिरा गॅरेजचं दार वाजतं तेव्हा मी अजूनही घड्याळ बघते. पण आता त्याला माहीत आहे की आई का जागी असते. तो येताना फोन करतो. आमच्याकडे त्या अर्ध्या तासाच्या भांडणातून गाडीपेक्षा हे जास्त मिळालं.

तुमच्या घरी हा विषय चालू असेल तर कॉमेंटमध्ये लिहा: मुलाचं वय, तुमचं राज्य किंवा देश, गाडीचं वर्ष आणि मैल. जमेल तसं उत्तर देईन. आणि ज्यांनी मुलाला जीटी घेऊन दिली आहे आणि सगळं सुरळीत आहे, त्यांनीही जरूर लिहा. मला चुकीचं ठरायला आवडेल.